दमसास आणि वनौषधी

मार्गशीर्ष लागला आणि तापीवरून येणारा वारा थोडा बोचू लागला, की सुरतेच्या घराघरांतून तूप, गूळ, डिंक आणि सुंठ यांचा दरवळ येऊ लागतो. गुजराती गृहिणी ज्याला वसाणे म्हणतात, ते करण्याचे हे दिवस. मेथीपाक, अडदिया, गुंदरपाक, सालमपाक अशी त्याची नाना रूपे असतात. कित्येक घरांत त्यात बत्तीस जिनसांचे चूर्णही पडते. महाराष्ट्रातून येऊन सुरतेस स्थायिक झालेल्या कुटुंबांत याच सुमारास डिंकाचे आणि मेथीचे लाडू वळले जातात. नावे निराळी असली, तरी समजूत एकच आहे. थंडीत पोटात गेलेले बळ पुढे वर्षभर पुरते, असे दोन्ही घरांतील वडीलधारी माणसे सांगतात.

याच दिवसांत पहाटे डुमसच्या रस्त्यावर दुसरे एक दृश्य दिसते. अंधार पुरता विरलेला नसतो, आणि धावणाऱ्यांचे व सायकलस्वारांचे थवे समुद्राच्या दिशेने निघालेले असतात. त्यांत हिऱ्याला पैलू पाडणारे कारागीर असतात, कापडाचे व्यापारी असतात, महाविद्यालयीन मुले-मुली असतात. कोणी प्रकृतीसाठी धावतो, कोणी मॅरेथॉनसाठी. उधना आणि लिंबायत भागांतील खानदेशी वस्त्यांतून निघालेल्या मुलांच्या मनात मात्र शर्यतीपेक्षा नोकरी असते. पोलीसभरतीत पुरुष उमेदवाराला पाच किलोमीटर धावून दाखवावे लागतात, आणि त्या वीस-पंचवीस मिनिटांवर एखाद्या घराची भाकरी अवलंबून असते.

अशा मुलाच्या पिशवीत पूर्वी आईने दिलेला लाडू असे. आता तिथे एखादी डबी दिसते. तिच्यावर अश्वगंधेचे, सफेद मुसळीचे किंवा जिनसेंगचे नाव असते, धावत्या घोड्याचे चित्र असते आणि दमसास दुप्पट करण्याचे आश्वासन असते. डबीची किंमत त्याच्या घरच्या आठवड्याच्या भाजीपाल्याएवढी असली, तरी तो ती विकत घेतो. वनस्पतींनी दमसास खरोखर वाढतो काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यांचा किंवा शास्त्रज्ञांचा राहिलेला नाही. तो त्या मुलाचा आणि त्याच्या घराचाही झाला आहे.

प्रश्नाचा निवाडा करण्यापूर्वी दमसास म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. ताकद आणि दमसास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर किलोचे ओझे एकदा उचलणे ही ताकद होय. बेताचेच काम तास-दोन तास न थांबता करीत राहणे हा दमसास होय. त्याला तीन गोष्टी लागतात. पहिली, हृदय आणि फुप्फुसे यांनी रक्तावाटे स्नायूंना भरपूर प्राणवायू पोहोचविला पाहिजे. दुसरी, स्नायूंनी त्या प्राणवायूचा काटकसरीने उपयोग केला पाहिजे. तिसरी, जाळावयास इंधन शिल्लक असले पाहिजे. हे इंधन मुख्यतः साखरेच्या जातीचे असते. स्नायूंत आणि यकृतात ते ग्लायकोजेन या नावाने साठविलेले असते. या साठ्यातून सुमारे २००० कॅलरी उष्णता मिळते. साठ किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर धावावयास मात्र सुमारे २५०० कॅलरी लागतात. उरलेली तूट शरीर चरबी जाळून भरून काढते. पण चरबी सावकाश जळते, आणि साखरेचा साठा आटला की पाय शिशाचे होतात. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कित्येक धावपटू एकाएकी कोलमडतात, त्याचे कारण हेच आहे.

आता आपल्या जुन्या वैद्यकाकडे वळावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात औषधी द्रव्यांचे पन्नास गण सांगितले असून, प्रत्येक गणात दहा द्रव्ये आहेत. त्यांपैकी एका गणाचे नाव बल्य, म्हणजे बळ देणारा. त्यात अश्वगंधा आहे, बला आहे, अतिबला आहे. डब्यांवर छापली जाणारी पुष्कळशी नावे या घराण्यातली. परंतु त्याच अध्यायात आणखी एक गण आहे, आणि त्याच्याकडे दुकानदाराचे आणि गिऱ्हाइकाचे सहसा लक्ष जात नाही. त्याचे नाव श्रमहर, म्हणजे थकवा घालविणारा. त्यातली दहा द्रव्ये अशी : द्राक्षे, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजिराच्या जातीचे फल्गु, फालसा, ऊस, जव आणि साठ दिवसांत पिकणारा साठीचा तांदूळ.

ही यादी वाचताना कोणासही आश्चर्य वाटावे. तिच्यात दुर्मिळ मुळी नाही, कडू काढा नाही, हिमालयातून आणावे लागणारे काही नाही. चारोळीसारखा एखादा स्निग्ध जिन्नस सोडला, तर फळे, ऊस आणि धान्य एवढाच तिचा ऐवज आहे. म्हणजे थकलेल्या माणसाला काय द्यावे असे विचारले असता चरकाने साखर आणि पिष्ट यांनी भरलेले अन्न पुढे केले. बळ वाढविणे आणि श्रम हरण करणे या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या, आणि दोहोंसाठी वेगळी द्रव्ये सांगितली. आजचे दुकान या दोहोंची सरमिसळ करते.

चरकाला ग्लायकोजेन ठाऊक नव्हते, हे उघडच आहे. त्याच्या मागे होते ते अवलोकन. तेच अवलोकन आधुनिक शास्त्राने निराळ्या मार्गाने केले. १९२४ साली अमेरिकेत बॉस्टनची मॅरेथॉन शर्यत संपल्यावर काही डॉक्टरांनी धावपटूंच्या रक्ताची तपासणी केली. जे शेवटी पांढरेफटक पडले होते, गोंधळले होते, ज्यांना उभे राहवत नव्हते, त्यांच्या रक्तातील साखर फार खाली गेल्याचे आढळले. पुढल्या वर्षी त्यांनी धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय अन्न भरपूर घ्यावयास सांगितले आणि धावताना गोड वड्या खावयास दिल्या. त्या धावपटूंची शेवटची अवस्था पुष्कळच बरी राहिली. १९६० नंतरच्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी स्नायूचा बारीकसा तुकडा सुईने काढून त्यातील साठा मोजला, आणि जेवणातील पिष्टाबरोबर तो साठा व दमसास ही दोन्ही वाढतात, असे दाखविले. तासाभराहून अधिक चालणाऱ्या श्रमात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जावी, असा आजचा सर्वसाधारण सल्ला आहे. उसाच्या रसाच्या एका पेल्यात सुमारे २५ ग्रॅम साखर असते. चार-पाच खजुरांतही जवळजवळ तेवढीच.

आणि ऊस सुरतेला परका नाही. शहराबाहेर बारडोलीच्या वाटेला लागले की दोन्ही बाजूंना उसाचे फड सुरू होतात. या टापूतील सहकारी साखर कारखाने साऱ्या देशाला ठाऊक आहेत. त्या फडांत कोयता चालविणारी माणसे हंगामात डांगच्या डोंगरांतून आणि खानदेशातून येत आली आहेत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या परिसरातील खानदेशी ऊसतोडकऱ्यांच्या खडतर जीवनावर विस्ताराने लिहिले आहे. दमसास कोणाला म्हणावे हे पाहावयाचे असेल, तर या फडांत जावे. पहाटेच्या थंडीपासून दिवस कलेपर्यंत वाकून तोडणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणे, हे काम महिनोन्‌महिने चालते. या माणसांना कोणतीही डबी मिळत नाही. त्यांचा दमसास लहानपणापासूनच्या श्रमातून आलेला असतो, आणि तो ढासळतो तो बहुधा पोटभर अन्न न मिळाल्याने. शहरातल्या धावणाऱ्याने यापासून घ्यावयाचा बोध सोपा आहे. सवयीने दम येतो आणि अन्नाने तो टिकतो.

मग बल्य गणातील वनस्पती निरुपयोगी आहेत काय? तसे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. अश्वगंधेची परीक्षा आपल्याच देशात झालेली आहे. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठातील संशोधकांनी चाळीस निवडक भारतीय सायकलपटूंवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या खेळाडूंना आठ आठवडे रोज दोन वेळा ५०० मिलिग्रॅम अश्वगंधा दिली, आणि अर्ध्यांना दिसावयास तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. अश्वगंधा घेणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढली आणि थकेपर्यंतचा काळ लांबला. दुसऱ्या गटात तसा फरक दिसला नाही. त्यापूर्वी, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका प्रयोगात निरोगी तरुणांना अश्वगंधा आणि अर्जुनसाल देऊन पाहिली होती, आणि अर्जुनसालीचा प्राणवायूच्या क्षमतेवर अनुकूल परिणाम नोंदविला गेला होता.

हे निष्कर्ष आशादायक आहेत, परंतु ते तोलून घेतले पाहिजेत. चाळीस माणसे आणि आठ आठवडे हा पुरावा लहान आहे. त्यानंतर झालेले प्रयोगही बहुतेक छोटेच आहेत. त्यांत वापरलेला अर्क आणि बाजारातील डबीतला अर्क एकच असेल, अशी हमी कोणी देत नाही. उलट, अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या काही घटनाही वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदल्या गेल्या आहेत. त्या विरळ असल्या, तरी औषध म्हटले की गुणाबरोबर दोषही येतो, ही गोष्ट त्या पटवून देतात. सफेद मुसळीची गोष्ट तर आणखी पातळ आहे. तिच्या एका प्रसिद्ध जातीच्या शास्त्रीय नावात मुंबईजवळच्या बोरिवलीचे नाव गुंफलेले आहे, आणि डांगच्या जंगलात ती पावसाळ्यात उगवते. मागणी वाढली तशी तिची मुळे बेसुमार खणली गेली. परंतु तिने माणसाचा दमसास वाढतो, असे दाखविणारा भक्कम पुरावा मात्र पुढे आलेला नाही.

वनस्पतींमध्ये दमसासाला उपयोगी अशी ज्यांची साक्ष सर्वांत बळकट आहे, त्या वस्तू गांधीच्या दुकानात, म्हणजे गुजरातेतील काष्ठौषधींच्या दुकानात, मिळत नाहीत. त्या स्वयंपाकघरात सापडतात. कॉफी ही त्यांपैकी पहिली. तिच्यातील कॅफीन बेताच्या प्रमाणात घेतल्यास थकव्याची जाणीव लांबते, हे अनेक प्रयोगांनी दिसले आहे. निषिद्ध द्रव्यांच्या जागतिक यादीतूनही ते २००४ साली वगळण्यात आले. दुसरे बीट. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली दाखविले, की बिटाच्या रसातील नायट्रेटमुळे तेच काम थोड्या कमी प्राणवायूत होऊ शकते. फायदा थोडाच आहे आणि कसलेल्या खेळाडूंत तो आणखी कमी दिसतो. पण तो मोजून पाहिलेला आहे.

जिनसेंगची कथा वेगळी आहे, आणि ती ऐकून सावध व्हावे अशी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियात कष्ट सहन करण्याची शक्ती वाढविणाऱ्या वनस्पतींचा मोठा शोध चालला होता. १९४७ साली लाझारेव्ह या शास्त्रज्ञाने अशा द्रव्यांना ॲडाप्टोजेन हे नाव दिले, आणि ब्रेखमन याने जिनसेंग व तिच्या सायबेरियन भावंडाचा पुरस्कार केला. तेथून ही मुळी जगभरच्या खेळाडूंच्या पिशवीत शिरली. पुढे निरोगी आणि कसलेल्या माणसांवर काटेकोर प्रयोग झाले, तेव्हा बहुतेकांत तिचा दमसासावर म्हणण्याजोगा परिणाम दिसला नाही. परंतु नाव एकदा झाले, की ते सहजी जात नाही.

२०११ साली त्याची किंमत भारताला मोजावी लागली. महिलांच्या ४ × ४०० मीटर रिलेशी संबंधित सहा धावपटूंच्या चाचणीत निषिद्ध स्टिरॉइड सापडले. त्यांच्यापैकी काही जणी आदल्याच वर्षी राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघात होत्या. आपण केवळ परदेशी प्रशिक्षकाने आणून दिलेले जिनसेंग घेतले, असे त्यांनी सांगितले. ते दूषित असल्याचा त्यांचा बचाव ध्यानात घेऊन देशातील समितीने बंदी एका वर्षापुरतीच ठेवली. २०१२ साली आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मात्र ती दोन वर्षांची केली. खेळाच्या कायद्यात शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. मुळी कोणी दिली, डबीवर काय छापले होते, हे शिक्षा थोडी सौम्य करू शकेल. पण लागलेला डाग पुसू शकत नाही. लंडनच्या ऑलिंपिकचे ते वर्ष त्या मुलींच्या आयुष्यातून निघून गेले.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीला याहून जुना दाखलाही आहे. १९०४ साली सेंट लुइसच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावर झाली. विजेता ठरलेला टॉमस हिक्स वाटेत कोलमडू लागला, तेव्हा त्याच्या साहाय्यकांनी त्याला ब्रँडी आणि अंड्याचा बलक वगळून पांढऱ्या भागात कालवलेले स्ट्रिक्निन पाजले. स्ट्रिक्निन हे आपल्या कुचल्याच्या बीचे विष होय. हिक्सने शर्यत जिंकली. पण तो जिवंत राहिला, हे त्याचे दैव. कुचला आजही शुद्ध करून काही आयुर्वेदीय गोळ्यांत वापरतात, आणि अशा औषधांवर वैद्याच्या देखरेखीची सूचना छापणे कायद्याने आवश्यक आहे. स्ट्रिक्निन स्पर्धेच्या काळात निषिद्धही आहे. बॉस्टनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, तेथील दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळला होता. उत्तम वैद्याच्या हातचे औषध आणि रस्त्यावरची डबी यांत जे अंतर आहे, ते ओळखणे ग्राहकाच्या हाती सहसा नसते.

हे सारे ऐकून एखाद्या तरुणाला वाटेल, की मग आपल्यासारख्याने करावे तरी काय? त्याचे उत्तर सुरतेपासून फार दूर नाही. पूर्वेकडे डोंगर चढू लागले की डांगचा जिल्हा लागतो. महाराष्ट्राच्या सीमेला टेकलेला, मराठी आणि गुजराती यांच्या मधली बोली बोलणारा हा मुलूख वनौषधींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील भगतांना शेकडो मुळ्या ठाऊक असतात. याच डांगच्या कराडीआंबा गावची सरिता गायकवाड. आधी खो-खो खेळणारी ही मुलगी २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत भारताच्या ४ × ४०० मीटर रिले संघातून धावली आणि सुवर्णपदक घेऊन आली. ज्या शर्यतीवर सात वर्षांपूर्वी मळभ आले होते, तीच ही शर्यत. याच डांगच्या मुरली गावित याने २०१९ साली दोहा येथे आशियाई मैदानी स्पर्धांत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळविले. औषधींच्या अरण्यातून आलेल्या या मुलांची नावे झाली ती मैदानावर. डोंगरातली पायपीट, खेळाची लहानपणापासूनची गोडी आणि पुढे लाभलेले शिस्तबद्ध शिक्षण, या त्यांच्या वाटेवरच्या पायऱ्या आहेत.

व्यायामाचे मापही आपल्या जुन्या ग्रंथांनी सांगून ठेवले आहे. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनीही अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, असे म्हटले आहे. कपाळ, नाक आणि काखा यांना घाम आला, तोंडाने श्वास घ्यावा लागू लागला, की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजावे. आजचे प्रशिक्षकही दूर पल्ल्याच्या धावपटूला आठवड्यातील बराचसा सराव सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने करावयास सांगतात. हृदयाची क्षमता आणि स्नायूंतील रक्तवाहिन्यांचे जाळे अशा संथ, नित्य श्रमाने वाढत जाते. ही वाढ आठवड्यांनी आणि महिन्यांनी होते. एका पुडीने ती होत नाही. सुरतेच्या दमट हवेत घामावाटे जाणारे पाणी आणि मीठ भरून काढणे, रात्री सात-आठ तास झोप घेणे आणि धावण्याच्या आदल्या दिवशी भात-भाकरी पोटभर खाणे, हे नियम त्यात मिळविले की दमसासाची बहुतेक शिदोरी पुरी होते.

त्याउपर ज्याला एखादी वनौषधी घ्यावयाची असेल, त्याने ती जाणत्या वैद्याला प्रकृती दाखवून घ्यावी. ज्याला स्पर्धेत उतरावयाचे आहे, त्याने डबीतील प्रत्येक घटक राष्ट्रीय उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेच्या यादीशी ताडून पाहावा, आणि छापलेल्या नावांवरही अंधपणे विसंबू नये. मधुमेही माणसाने उसाचा रस आणि खजूर डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. भरतीच्या दिवशी पहिल्यांदाच एखादी नवी वस्तू पोटात घालणे तर कोणीच करू नये. ज्या दिवसासाठी वर्षभर घाम गाळला, तो दिवस प्रयोगाचा नव्हे.

लिंबायतच्या एखाद्या घरात उद्या पहाटे चारला दिवा लागेल. धावावयास निघालेल्या मुलाच्या हातावर आई डिंकाचा लाडू ठेवील. त्या लाडवात खारीक आहे, गूळ आहे, म्हणजे चरकाच्या श्रमहर यादीतले खजूर आणि ऊसच आहेत. डबीवरच्या घोड्यापेक्षा त्या लाडवावर त्याने अधिक भरवसा ठेवावा, आणि तो खाऊन अर्ध्या-पाऊण तासाने, उजाडता उजाडता, आपल्या दोन पायांनी रस्त्याला लागावे.